पैलतीरावरची फौज

परभणी, श्रावण. उद्या रात्री भाचरांबरोबर पटावर राक्षसभुवन मांडायचं. मराठे आणि निजाम यांच्यातली १० ऑगस्ट १७६३ची ही लढाई आपल्या गोदावरीकाठचीच, पाथरीहून वरच्या अंगाला. निजामअली नदी ओलांडून पैल गेला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर अडकला, आणि पुरामुळे निजामाला मदत पाठवता आली नाही. मोठी लढाई खेळवायला याहून चांगला नकाशा मला ठाऊक नाही.

हजारो स्वारांसाठी फासे टाकत बसलं की रोलप्लेइंग खेळाचा जीव जातो. १९७४ साली आलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ सैन्यांच्या पटखेळांतूनच निघाला, पण त्याची ओढ एकेका माणसाकडे आहे. म्हणून फौजा मी बोलूनच हलवते. फासे पडतात ते खेळाडू उभा असेल तिथेच. समजा, मराठ्यांकडच्या राघोबादादांना वेढा पडलाय. त्यांच्या अठरा वर्षांच्या पुतण्यापर्यंत, पेशवे माधवरावांपर्यंत, निरोप पोचवायचाय, आणि पावसाळ्यातल्या काळ्या मातीत घोडी रुततायत. जासूद पोचला तर फळी सावरेल, नाहीतर मोडेल. एकाच्या दौडीवर सगळं रण फिरतं, तेव्हा पोरं श्वास रोखून बसतात. मला तेच हवं असतं.

विठ्ठल सुंदर त्या दिवशी पडला. उद्या तो वाचूही शकेल. धाकटीला त्याचीच बाजू हवी होती, दिली.