हरणांचा मालक कोण?

आमच्या धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन दोन-चार पानांवर आलं की शेतकऱ्याला दोन गोष्टींची धास्ती असते. एक, पाऊस दडी मारेल. दुसरी, हरणं येतील. पावसाचा आभाळाकडे बघून निदान अंदाज तरी बांधता येतो. हरणं रात्रीतून येऊन जातात आणि सकाळी तासांमध्ये नुसत्या काड्या उभ्या दिसतात.

पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे सांगितलं की त्यांना आधी कौतुकच वाटतं. हरणं? तुमच्या शेतात? वा! त्यांचं चुकत नाही. माळावरून तीस-चाळीस काळविटांचा कळप उड्या मारत जाताना पाहिला तर आमचंही मन हरखतं. नर काळाभोर, पिळदार शिंगांचा, माद्या भुऱ्या. पण तोच कळप आपल्या रानात उतरला की कौतुक बांधावरच राहतं. हरणं कोवळे शेंडे खुडून खातात, आणि खातात त्याहून जास्त तुडवतात. जुलैत सोयाबीन आणि उडीद, दिवाळीच्या पुढेमागे हरभरा, मग कोवळी ज्वारी. दुबार पेरणी करायची म्हटली तर सोयाबीनला एकरी 30 किलो बियाणं पुन्हा विकत आणायचं, मजुरी पुन्हा द्यायची, आणि पेरणीची वेळ टळून गेली तर तेही मातीत.

आमच्या चाचांची चार एकर कोरडवाहू जमीन आहे, माळाला लागून. त्यांनी करायचं ते सगळं करून पाहिलं. बुजगावणं उभं केलं, चार दिवसांत हरणं त्याच्या शेजारी चरू लागली. घरातल्या आणि शेजारपाजारच्या जुन्या साड्या मागून चारी बाजूंनी बांधल्या. वाऱ्याने फडफडल्या तोवर उपयोग झाला, पावसाने भिजून लोंबल्यावर कळप खालून शिरला. डबे वाजवले, फटाके लावले. शेवटी बाज टाकून रात्रीची राखण. साठी उलटलेल्या माणसाने महिनाभर शेतात जागून काढायचं आणि दिवसा पुन्हा कामाला जुंपून घ्यायचं, यात पिकाआधी माणूसच झिजतो.

मारून का टाकत नाहीत, असंही कुणी विचारतं. काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघासारखंच. शिकार केली तर किमान 3 वर्षांची कैद. पिकाचं नुकसान करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना मारायची परवानगी काही अटींवर मिळू शकते. काळविटाच्या बाबतीत पिकाचं कारण चालत नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी वा आजारी असेल, तरच वरिष्ठ वन अधिकारी तशी परवानगी देऊ शकतात. कायदा असा कडक आहे म्हणून हा प्राणी आज दिसतो तरी, हे मला मान्य आहे.

मागच्या एका हिवाळ्यात चाचांच्या हरभऱ्यात काळविटाची एक मादी मरून पडलेली सापडली. गळ्यावर आणि मांडीवर दातांच्या खुणा होत्या. गावातल्या मोकाट कुत्र्यांचं काम, हे कुणालाही कळलं असतं. पण चाचा दहा हात लांब उभे राहिले. आधी पोलीस पाटलांना बोलावलं, शेजारच्या रानातल्या दोन माणसांना हाक मारली, मग फोन केला. मुलाला म्हणाले, "हात मत लगा, नजीक बी मत जा." आमच्या आडनावाच्या शेतात मेलेलं हरीण सापडणं म्हणजे काय होऊ शकतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुरदार आम्हाला हराम आहे, शिकारीच्या वाटेला घरातलं कुणी गेलेलं नाही, पण संशयाला एवढी माहिती लागत नाही. सुदैवाने सगळं रीतसर झालं. माणसं आली, पंचनामा झाला, पशुवैद्यकांनी तपासून कुत्र्यांच्या हल्ल्यात मेल्याचं लिहिलं, सह्या झाल्या. दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

त्याच वर्षी जुलैत त्याच रानातलं दीड एकर सोयाबीन जिवंत हरणांनी खाल्लं होतं. त्याचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. पाहणीला माणूस आला तोवर चाचांनी कर्ज काढून पुन्हा पेरलं होतं आणि नवं पीक उगवूनही आलं होतं. नुकसान कुठे दिसतंय, असं विचारून तो परत गेला. त्या दिवशी चाचा जे बोलले ते मी विसरलो नाही. "मरा तो सरकार का, जिंदा है तो अपने सर पे."

हे नुसतं वैतागून बोललेलं वाक्य नाही. कायद्याच्या कलम 39 प्रमाणे मेलेला आढळलेला वन्यप्राणी ही खरोखरच राज्य सरकारची मालमत्ता असते. मग जिवंतपणी तो कुणाचा?

कुरआनात सूरह अंबियामध्ये शेताच्या नुकसानीच्या एका निवाड्याचा उल्लेख आहे. तपशील तफसीरकारांनी दिले आहेत. एकाच्या मेंढ्या रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरल्या आणि पीक फस्त केलं. हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांनी मेंढ्या शेतकऱ्याला देऊन टाकायचा निवाडा केला. त्यांचे पुत्र हजरत सुलेमान (अलैहिस्सलाम) यांनी वेगळा मार्ग सांगितला. मेंढ्यांच्या मालकाने ते शेत कसून पूर्वीसारखं उभं करून द्यावं, तोवर मेंढ्यांचं दूध आणि लोकर शेतकऱ्याने वापरावी, आणि शेत पूर्ववत झालं की ज्याचं त्याला परत. यात मेंढी मारली जात नाही आणि शेतकरीही बुडत नाही. भार मालकावर पडतो. आमच्या माळावरच्या हरणांना मालक असेल तर त्याने हा भार उचलावा, एवढंच चाचांचं म्हणणं.

आता रोगाविषयी. आमच्याकडे घरटी चार-दोन उस्मानाबादी शेळ्या असतात. काळी, काटक, बहुधा जुळी देणारी ही जात जिल्ह्याचं नाव देशभर घेऊन गेली. त्या शेळ्या आणि हरणं एकाच माळावर चरतात, एकाच पाझर तलावावर पाणी पितात. वस्तीत लाळ्या-खुरकूत आला की लगेच बोट हरणांकडे जातं. लाळ्या-खुरकूत आणि पीपीआर हे दुखुरी जनावरांचे रोग आहेत. शेळी, मेंढी, हरीण, कुणालाही होतात. पण रोगाची वाट दोन्हीकडून चालू असते, आणि बऱ्याचदा तो पाळीव जनावरांकडून रानातल्या जनावरांकडे जातो. 2016-17 मध्ये मंगोलियात शेळ्या-मेंढ्यांतला पीपीआर सायगा नावाच्या कुरंगांत शिरला आणि ते हजारोंनी मेले.

यातून मार्ग सोपा आहे. हरणाला सुई कोण टोचणार? शेळीला टोचता येते. पूर्वी बुळकांड्याने गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे, रानातली जनावरंही मरायची. लसीकरण झालं ते गाई-म्हशींचं, रानातल्या जनावरांना कुणी लस दिली नाही. तरी 2011 साली तो रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. पाळीव जनावरांत रोग राहिला नाही, तसा तो रानातूनही गेला. म्हणून लाळ्या-खुरकूत आणि पीपीआरची लस वेळेवर टोचून घ्यावी, नवी शेळी बाजारातून आणली की पंधरा-वीस दिवस वेगळी बांधावी. बकरी ईदच्या आधी आमच्या घरोघरी नवी जनावरं येतात, तेव्हा तर हे नक्की पाळावं. लाळ गाळणारं, लंगडणारं किंवा मेलेलं हरीण दिसलं तर हात न लावता 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर कळवावं.

पिकासाठीही काही करता येतं. एकट्याने कुंपण घातलं की कळप शेजाऱ्याच्या रानात जातो आणि बांधाला भांडण लागतं. दहा-बारा जणांनी मिळून सौर झटका कुंपण घातलं तर खर्चही वाटला जातो. मात्र तारेत थेट वीज सोडू नये. त्याने हरीण मरतं, आणि अंधारात पाणी द्यायला गेलेला माणूसही. नुकसान झालं तर तीन दिवसांत लेखी तक्रार द्यावी, तारखेसह फोटो काढावेत आणि पोचपावती घेतल्याशिवाय परत येऊ नये. सरकारी भरपाईच्या यादीत हरणाचं नाव आहे.

पण मुळातला प्रश्न गवताचा आहे. आपण माळाला पडीक म्हणतो, म्हणून तो कुणाचाच नसतो. थोडा नांगराखाली गेला, थोडा पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांखाली. येडशी-रामलिंग घाटाचं अभयारण्य आहे, पण ती झाडीची टेकडी. काळविटाला मोकळं गवत लागतं. शेजारच्या सोलापुरात नान्नजला माळढोकासाठी गवत राखलं, तिथे काळविटं वाढली. मध्य प्रदेशात शाजापूर भागातून शेकडो काळविटं हेलिकॉप्टरने हाकून, पकडून अभयारण्यांत सोडली. म्हणजे सरकारने मनावर घेतलं तर हरणांसाठी हेलिकॉप्टरसुद्धा उडतं. आमच्या चाचांना हेलिकॉप्टर नको. जुलैत अर्ज दिला तर जुलैतच पाहणीला माणूस यावा, आणि गावच्या गायरानात थोडं गवत शिल्लक राहावं. हरणांनी काय खायचं आणि चाचांनी कधी झोपायचं, या दोन्हींचं उत्तर त्यात आहे.