सावलीच्या वाटेने हर्णैला

वाचकहो, दापोलीहून हर्णैकडे जाणारा रस्ता आसूदच्या उताराला लागला की उन्हाचे रूप पालटते. माळावरचे लखलखीत ऊन मागे राहते आणि नारळी-पोफळीच्या बागांतून झिरपणारा हिरवट उजेड अंगावर येतो. पाटाच्या पाण्याचा आवाज कानी पडू लागतो. आसूद हे माझ्या आईचे माहेर. वयाच्या ७८व्या वर्षी तिने एकच इच्छा बोलून दाखविली होती. हर्णैचा समुद्र पुन्हा एकदा पाहायचा.

तिला घेऊन मी दोन वेळा तेथे गेले. पहिल्या खेपेस माझ्या हातून एक चूक घडली. दुसऱ्या खेपेस ती टळली. आपण स्वतः सत्तरी ओलांडलेली असेल, किंवा तशा वयाच्या कुणाचा हात धरून प्रवासाला निघणार असाल, तर या दोन खेपांमध्ये जे शिकले ते आपल्याला उपयोगी पडेल, म्हणून हे लिहीत आहे.

लिलावाच्या गर्दीत

हर्णैला मासळीचा लिलाव वाळूवरच होतो. नौका जरा खोल पाण्यात नांगरून उभ्या राहतात. तेथून मासळी बैलगाड्यांतून, गुडघाभर पाणी कापीत, किनाऱ्यावर येते. सुरमई, पापलेट, कोळंबी यांचे ढीग लागतात, बोली पुकारली जाते, आणि या साऱ्या गजबजाटापलीकडे सुवर्णदुर्ग आपली तटबंदी घेऊन पाण्यात स्वस्थ बसलेला असतो. आई लहानपणी वडिलांबरोबर येथे येत असे. त्या आठवणींत ती इतकी रमली की दुपारी एक वाजता आलेलो आम्ही चार वाजले तरी तेथेच होतो.

जानेवारीचे दिवस होते. समुद्रावरून गार वारा येत होता. ‘थंडीतले ऊन, ते काय बाधणार?’ असे दोघींनाही वाटले. आईच्या चोळीच्या बाह्या कोपराच्या वरच होत्या; खालचा हात उघडाच होता.

इतक्यात मागून बैलगाडी आली. मी घाईने आईचे मनगट धरले आणि तिला बाजूला ओढले. एवढेच झाले. ती पडली नाही, कुठे आपटली नाही. पण हात सोडला तेव्हा मनगटाच्या वरची त्वचा ओल्या कागदासारखी सरकून त्रिकोणी पापुद्रा निघालेला दिसला आणि वाळूवर रक्ताचे थेंब पडू लागले. एका कोळीणबाईंनी आपल्या जवळचे पिण्याचे पाणी पुढे केले, बसायला उलटी टोपली दिली. आई मलाच समजावीत होती, “अगं, काही नाही झालं.” जिला जपायला म्हणून मी बरोबर आले होते, तिला माझ्याच पकडीने जखम झाली होती.

एकाच हाताची दोन वये

दवाखान्यातील डॉक्टरांनी जखम सलाइनने धुतली. सुटलेला पापुद्रा कापून न टाकता ओल्या कापसाने अलगद मूळ जागी पसरविला, त्यावर न चिकटणारी जाळीची पट्टी ठेवली आणि वरून सैलसर बँडेज गुंडाळले. चिकटपट्टी त्वचेला कुठेही लावली नाही. ती काढताना नवी जखम होते, असे त्यांनी सांगितले. धनुर्वाताच्या लशीची चौकशी केली. मग त्यांनी आईची बाही दंडापर्यंत वर सरकविली आणि मला म्हणाले, “हे पाहा.”

वाचकहो, हे आपणही आज घरी पाहू शकता. मनगटाजवळची, नेहमी उघडी राहणारी त्वचा आणि दंडाच्या आतील, नेहमी झाकलेली त्वचा शेजारी शेजारी ठेवून न्याहाळा. आईच्या हाताचा खालचा भाग पातळ, डागाळलेला, जागोजागी जांभळ्या ठिपक्यांचा होता. दंडाच्या आतला भाग मात्र सुरकुतलेला असूनही मऊ आणि एकसारख्या रंगाचा होता. वय दोहोंचे एकच, ७८ वर्षे. फरक एवढाच की एका भागाने सारा जन्म ऊन पाहिले आणि दुसऱ्याने पाहिले नाही. अंगणात आमसुले वाळवायची, फणसाची साठे घालायची, विहिरीवर धुणे करायचे, एसटीची वाट पाहायची. या साऱ्या वर्षांचे ऊन तिच्या मनगटावर साठले होते.

याची कारणे अशी. त्वचेचे वरचा आणि खालचा असे दोन थर करवतीच्या दात्यांप्रमाणे एकमेकांत गुंतलेले असतात. वयपरत्वे हे दाते सपाट होतात. म्हणून थोड्याशा ओढीनेही वरचा थर खालच्यावरून घसरतो. तेलग्रंथींचे काम मंदावते आणि त्वचा कोरडी पडते. हे वयाचे देणे आहे. ते टळत नाही. परंतु त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन आणि लवचीकपणा देणारे तंतू यांची मोडतोड मुख्यतः सूर्याच्या अतिनील किरणांनी होते. बारीक रक्तवाहिन्यांचा आधार सुटतो आणि नकळत लागलेल्या धक्क्यानेही जांभळा डाग उमटतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर असे डाग अधिक पडतात. मात्र ती औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

उन्हाचा हा वाटा किती मोठा असतो, याचे एक उदाहरण वैद्यकात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. २८ वर्षे त्याची डावी बाजू खिडकीकडे होती. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक जाड आणि खोल सुरकुत्यांची झाली होती. अतिनील किरणांतील ‘अ’ प्रकारचे किरण खिडकीच्या काचेतून आत येतात, हे त्यावरून ध्यानात यावे.

प्रवासाची आखणी

दुसऱ्या खेपेस निघताना या माहितीचा उपयोग गाडीत बसण्यापासूनच केला. मुंबईहून महाड, खेडमार्गे दापोलीला येताना प्रवास साधारणपणे दक्षिणेकडे होतो. सकाळी निघालात तर ऊन डाव्या खिडकीतून येते. म्हणून वडीलधाऱ्यांना उजवीकडे बसवावे. दुपारनंतर निघालात तर याच्या उलट करावे. गाडीत काच बंद असली, तरी हातावर पांढरे सुती वस्त्र घ्यावे.

ऊन तीव्र आहे की नाही, हे गारव्यावरून ठरवू नका. उष्णता आणि अतिनील किरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खारे वारे अंग गार ठेवतात, किरणांना मात्र अडवीत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विरळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे खाली येतात; कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के किरणे परावर्तित करतो. म्हणून किनाऱ्यावर छत्रीखाली बसले तरी खालून येणारे किरण चेहऱ्यावर पडतातच.

यावर सोपा उपाय म्हणजे आपली सावली पाहणे. सावली आपल्या उंचीहून लहान असेल तर ऊन तीव्र आहे, आडोसा शोधावा. लांब असेल तर ते सौम्य आहे. दापोलीच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत लहान दिवशीदेखील भर दुपारची सावली माणसाहून आखूडच असते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर सूर्य थेट डोक्यावर येतो.

तेव्हा हर्णैला जायचे ते सकाळी लवकर. सकाळीही लिलाव असतो. दहाच्या आत आपण आसूदला परतावे आणि दुपार आगरात घालवावी. केशवराजाच्या मंदिराकडे जाणारी वाट पोफळींच्या दाट सावलीतून उतरते, ओढ्यावरचा साकव ओलांडते आणि मग पायऱ्या चढते. गुडघे साथ देत नसतील तर पायऱ्यांचा आग्रह धरू नये. साकवाजवळ बसून पाण्याचा आवाज ऐकण्यातही या स्थळाचे पुष्कळसे सुख आहे.

येथील जुनी घरे पाहिली की कोकणच्या लोकांनी उन्हाचा किती विचार केला होता ते कळते. अंगणात पोफळीच्या खांबांवर झावळ्यांचा मांडव, त्यामागे पडवी, मग ओटी, मग माजघर. प्रत्येक पावलागणिक ऊन उणे होत जाते. दुपारच्या वेळी म्हातारी माणसे पडवीच्या बाहेर दिसत नसत. मलम नंतर, सावली आधी.

सावलीनंतर क्रम वस्त्राचा. दाट विणीचे, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे ऊन अडवितातच, शिवाय खरचटण्यापासूनही वाचवितात. आईला मी मनगटापर्यंतच्या बाह्यांचे ब्लाऊज शिवून घेतले. डोक्यावर रुंद काठाची टोपी किंवा पदर, आणि काळी छत्री. जो भाग तरीही उघडा राहतो, म्हणजे चेहरा, कान, मान, हातांच्या पाठी आणि चपलेतून दिसणारी पावले, त्यावर किमान ३० एसपीएफचे, दोन्ही प्रकारचे किरण रोखणारे सनस्क्रीन बाहेर पडण्यापूर्वी १५ ते २० मिनिटे लावावे. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके मलम लागते. दर दोन तासांनी, तसेच घाम पुसल्यावर, ते पुन्हा लावावे. टक्कल असलेल्यांनी डोक्याला विसरू नये.

‘ड’ जीवनसत्त्वाचे काय, असे आपण विचाराल. त्यासाठी वृद्धांनी भर उन्हात तासन्‌तास बसण्याची गरज नाही. रक्त तपासून, कमतरता असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेणे अधिक सुरक्षित.

रोजची दहा मिनिटे

आजवर पडलेले ऊन परत घेता येत नाही, हे खरे. मग या वयात काळजी घेऊन काय उपयोग? उपयोग आहे, आणि तो मोजून पाहिलेला आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील १४ वृद्धनिवासांमध्ये झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हातापायांना दिवसातून दोन वेळा ओलावा टिकविणारे मलम लावल्याने त्वचा फाटण्याच्या घटना जवळजवळ निम्म्यावर आल्या. एवढा साधा उपाय, एवढा मोठा लाभ.

आमच्या घरी आता हा परिपाठ आहे. स्नान कोमट पाण्याने, दहा मिनिटांच्या आत. साबण सौम्य, आणि तोही काखा, जांघा व पावले यांपुरता. वजरीने किंवा काथ्याने घासणे बंद. अंग मऊ पंचाने टिपायचे, रगडायचे नाही. त्वचा किंचित ओलसर असतानाच मलम, पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल केसांच्या दिशेने हलक्या हाताने लावायचे. रात्री निजताना पुन्हा एकदा. तळपायांना तेल लावायचे ते अंथरुणावर बसविल्यावरच आणि वर मोजे घालून. न्हाणीघरात लावलेले तेल घसरून पडण्यास कारण होते.

या वेळी सर्वांगावर नजरही फिरवावी. तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम, वारंवार रक्त येणारा फोड, आकार वा रंग बदलणारा तीळ, नाकाजवळ किंवा डोळ्याजवळ वाढणारा काळा चकचकीत मणी, तळव्यावर नव्याने आलेला काळा डाग. यांपैकी काहीही दिसल्यास ‘वयाचे डाग’ म्हणून सोडून देऊ नये. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. सावळ्या वर्णाला नैसर्गिक संरक्षण अधिक असते, पण ते संपूर्ण नसते.

आणि सांभाळणाऱ्यांसाठी दोन शब्द. नखे बारीक ठेवा, टोकदार अंगठी व घड्याळ काढून ठेवा. मनगट धरून ओढू नका. आपला तळवा त्यांच्या कोपराखाली व हाताखाली सपाट ठेवा आणि त्यांना आपला हात धरू द्या. त्वचा फाटलीच तर स्वच्छ कापडाने हलका दाब द्या, स्वच्छ पाण्याने धुवा, पापुद्रा तोडू नका, हळद किंवा कॉफी भरू नका, आणि दवाखाना गाठा.

पुन्हा समुद्र

आईची जखम भरायला तीन आठवडे लागले. त्यानंतर कित्येक दिवस, मी हात पुढे केला की ती नकळत आपला हात मागे घेई. ते मला जखमेहून अधिक लागले.

पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा हर्णैला गेलो. सकाळचे साडेसात वाजले होते. आमच्या सावल्या वाळूवर लांबच लांब पडल्या होत्या. मी तळवा उताणा करून पुढे धरला. आईने क्षणभर त्याकडे पाहिले, आणि मग आपला हात, लांब बाहीसकट, त्यावर ठेवला. बैलगाड्या येत-जात होत्या. आम्ही कडेने, सावकाश, तिच्या चालीने चालत होतो.

“किल्ला तसाच आहे गं,” ती म्हणाली.

साडेनऊला सावल्या आखडू लागल्या, तेव्हा तीच म्हणाली, “चल आता आगरात.”