सहा पॉइंट दोन

दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या जिममध्ये ट्रेडमिलसाठी रांग लागते. पंधरा तारखेपर्यंत रांग निम्मी होते आणि सव्वीस जानेवारीला तिथे फक्त वॉचमनकाका मोबाइल चार्जिंगला लावून बसलेले असतात. यावर विनोद करायची प्रथा आहे, मीही करायचे. पण हल्ली मला त्या रांगेतल्या लोकांपेक्षा त्यांना व्हॉट्सअॅपवर 'नशीब मेहनती माणसालाच साथ देतं' वगैरे सूर्योदयाच्या फोटोवर छापून पाठवणाऱ्यांचा जास्त राग येतो. का, ते सांगते. जरा लांबण लागेल, पण शनिवार आहे, तुम्हालाही कुठे घाई आहे :-)

तर मार्च २०२५ मध्ये कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. आम्ही सगळे तो इन्क्रिमेंट लेटरसारखा वाचतो, म्हणजे शेवटचा आकडा आधी. माझ्या रिपोर्टमध्ये सगळं हिरवं, एकच ओळ लाल. एचबीएवनसी ६.२. ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस, आणि ६.५ च्या पुढे गेलात की 'प्री' गळून पडतो.

वय अठ्ठावीस, वजन चोपन्न किलो. रूममेट म्हणाली, "लॅबवाल्यांनी सॅम्पल बदललं असणार. तुझ्यात साखर ठेवायला जागा तरी आहे का?" मी पण हसले. पण मला आतून माहीत होतं की सॅम्पल माझंच आहे.

आमच्या घरात डायबेटिस वडिलोपार्जित आहे. शेती गेली, वाडा गेला, हे तेवढं टिकलं. बाबांना अडतिसाव्या वर्षी निघाला, आता इन्सुलिनवर आहेत. आजोबांचा उजवा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला तेव्हा मी आठवीत होते. त्याच्या महिनाभर आधी त्यांनी सोलापूरच्या बाजारातून नव्या चपला आणल्या होत्या. आजीनं त्यातली उजवी चप्पल कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवून दिली. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

असो.

इंजिनिअर माणूस घाबरला की गुगल करतो. तसं करताना मला एक फार भारी गोष्ट सापडली, तीही पुण्यातलीच. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला होता. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघेही किरकोळ अंगाचे, दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! 'वाय-वाय पॅरॅडॉक्स' म्हणतात याला, दोघांची आडनावं इंग्रजी वायनं सुरू होतात म्हणून. याज्ञिकांच्या टीमनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्लंडच्या बाळांचं साडेतीन. आपलं बाळ सगळ्याच बाबतींत लहान, स्नायूंत लहान, पोटातल्या अवयवांत लहान, फक्त चरबीच्या बाबतीत त्या मानानं फारसं मागे नाही. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून जाड. माझं वर्णन याहून बरं कुणी केलेलं नाही.

हे वाचून मला आधी बरं वाटलं (आपला दोष नाही!) आणि मग पाच मिनिटांनी फार वाईट वाटलं (मग आपल्या हातात काय आहे?).

आईला फोन केला तर ती शांतपणे म्हणाली, "अगं, तुझ्या बाबांच्या घराण्यातच आहे ते. नशिबात असेल तर चुकतंय थोडंच? भात कमी कर." नशीब आणि भात एका वाक्यात. मला तेव्हा हसू आलं होतं, पण नंतर विचार केला तर या विषयावर तिच्याइतकं अचूक अजून कुणी बोललेलं नाही.

कारण पुढचा आकडा बघा. चेन्नईच्या डॉक्टरांनी आपल्याच लोकांवर एक चाचणी केली होती, 'इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम', २००६ साली निष्कर्ष आले. साखर सीमारेषेवर असलेली मध्यमवयीन माणसं घेतली, त्यांचे गट केले. एका गटाला फक्त नेहमीचा सल्ला, दुसऱ्याला चालणं आणि खाण्यातला बदल, नीट पाठपुरावा करून. तीन वर्षांनी पहिल्या गटातल्या दर शंभरांतल्या ५५ जणांना डायबेटिस झाला होता. दुसऱ्या गटात ३९ जणांना.

मोटिव्हेशनल स्पीकर इथे 'बघा, मेहनतीनं नशीब बदलतं' म्हणून टाळ्या घेईल. मी आठ वर्षं टेस्टिंगचे रिपोर्ट वाचतेय, त्यामुळे मला त्यात तीन प्रकारची माणसं दिसतात. शंभरातले पंचेचाळीस, ज्यांनी विशेष काही केलं नाही आणि तरी सुटले. एकोणचाळीस, जे चालले, ज्यांनी भात सोडला आणि तरी सापडले. आणि मधले सोळा, जे केवळ चालल्यामुळे वाचले. ही सगळी मेहनत त्या सोळांसाठी. गंमत अशी की त्या सोळांना स्वतःलाही कधी कळत नाही की आपण सोळांतले आहोत. ज्याला डायबेटिस झाला नाही तो पंचेचाळिसांतला की सोळांतला, हे सांगायला काही मार्ग नाही. मला पण कळणार नाही. साठाव्या वर्षी दोन्ही पायांवर उभी असेन तर ते सिंहगडामुळे की उगाच, हे कोण सांगणार?

हो, सिंहगड. ते सांगायचं राहिलंच.

मी जिम लावलं नाही. डॉक्टरांनी आठवड्याला दीडशे मिनिटं म्हटलं होतं. त्यातली रोजची वीस-पंचवीस मिनिटं रात्री जेवण झाल्यावर सोसायटीत फेऱ्या मारून होतात (इअरफोन घालून, कारण नाहीतर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू 'लग्नाचं काय' विचारतात). रविवारी मात्र गड. आतकरवाडीतून पुणे दरवाज्यापर्यंत साधारण सहाशे मीटरचा चढ. पुण्यातल्या लोकांना यात काही विशेष वाटणार नाही. इथे सत्तरीचे आजोबा हातात काठी घेऊन तुम्हाला मागे टाकतात, वर 'चला, चला, थांबू नका' असं म्हणतात आणि उतरताना पुन्हा भेटतात. पहिल्या रविवारी मला पाऊण वाटेवर चक्कर आल्यासारखं झालं आणि एका मावशींनी लिंबू सरबत पुढे केलं. "साखर नको, मीठ घाला," म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "या वयात?" मग काही न बोलता मीठ घातलं. आता मी दिसले की न सांगता मीठ घालतात.

एक्सेल शीट केली. (नसती केली तर डिग्री परत द्यावी लागली असती.) तीन कॉलम: तारीख, गेले की नाही, नसल्यास कारण. एप्रिलच्या मध्यापासून आजपर्यंत एक्केचाळीस रविवार झाले, गड एकोणतीस वेळा. बारा गैरहजेरींची कारणं लिहिलेली आहेत. गड बंद होता चार वेळा, रिलीज तीन, सोलापूर दोन, लग्नं दोन, ताप एक. हे कारण लिहायचं प्रकरण फार कामाचं निघालं. 'आज मूड नाही' हे मनातल्या मनात म्हणायला सोपं असतं, पण ते तिसऱ्या कॉलममध्ये टाइप करायचं म्हटलं की इतकं केविलवाणं दिसतं की त्यापेक्षा बूट घालणं परवडतं.

मोटिव्हेशनबद्दल माझं मत आता असं झालंय की ती वस्तू पावसासारखी आहे. आली तर आनंद, पण तिच्या भरवशावर शेती करू नये, विहीर खणावी. माझी विहीर म्हणजे शनिवारी रात्री दाराशी काढून ठेवलेले बूट आणि ऑफिसमधली एक सहकारी, जी पहाटे साडेपाचला खाली उभी राहून एकदाच मिस्ड कॉल देते. एकदाच. दुसरा देत नाही. खाली आपल्यासाठी कुणीतरी थंडीत उभं आहे ही जाणीव स्वामी-महाराज-सीईओ अशा सगळ्यांच्या भाषणांपेक्षा जोरदार असते.

आणि ते '२१ दिवसांत सवय लागते' वालं! ते मूळ आलं मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून. ऑपरेशननंतर पेशंटना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्यानं १९६० च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं होतं. लोकांनी 'निदान' गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी जिम घातलं. प्रत्यक्षात लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी मोजलं (२०१० साली प्रसिद्ध झालं), तर रोजची एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत काहीही. त्यातच असंही दिसलं की मधला एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडत नाही. सव्वीस जानेवारीला जिम सोडणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता बाबांबद्दल. बाबा नशीबवादी आहेत आणि त्यांचा धर्मग्रंथ म्हणजे क्रिकेट. 'मेहनत वगैरे ठीक आहे, पण पद्माकर शिवलकर!' एवढं म्हटलं की त्यांच्या मते वाद संपतो. आणि खरंच, उत्तर द्यायला अवघड आहे. शिवलकरांनी फर्स्ट क्लासमध्ये ५८९ विकेट घेतल्या, सरासरी वीसच्या आत. १९७२-७३ च्या रणजी फायनलमध्ये मद्रासला तमिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. तरी एकही टेस्ट नाही, कारण त्याच काळात, त्याच डाव्या हातानं, बिशनसिंग बेदी बोलिंग टाकत होते. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेले. म्हणजे माझा रिपोर्ट आला त्याच महिन्यात. बाबांनी त्यांच्यावरचं कात्रण पाठवलं आणि खाली लिहिलं, 'यांचं काय चुकलं?'

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. मग २ नोव्हेंबरचा रविवार आला. सकाळी गड, दुपारी झोप, संध्याकाळी नवी मुंबईत बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल. मॅच पावसानं उशिरा सुरू झाली आणि संपेपर्यंत मध्यरात्र झाली, आपण ५२ धावांनी जिंकलो. मी आणि बाबा दोघेही फोन कानाला लावून, ते सोलापुरात, मी पुण्यात. कॅमेरा अमोल मुझुमदारकडे वळला आणि बाबा एकदम गप्प झाले. १९८८ साली आझाद मैदानावर सचिन-कांबळी ६६४ ची पार्टनरशिप करत होते तेव्हा पुढचा बॅट्समन म्हणून पॅड बांधून बसलेला तेरा वर्षांचा पोरगा तो हाच. पुढे रणजी पदार्पणात २६०, कारकिर्दीत अकरा हजारांवर धावा, आणि भारताची कॅप नाही. आता कोच म्हणून वर्ल्ड कप.

"बघा बाबा," मी म्हटलं, "मिळालं की नाही शेवटी?"

बाबा थोड्या वेळानं म्हणाले, "त्याला मिळालं. सेमीफायनलला जेमिमा आउट झाली असती तर? तर त्यानं काय कमी मेहनत केली असती?"

बरोबर आहे त्यांचं. त्या रात्रीपासून सगळ्या पेपरांनी मुझुमदारची गोष्ट 'संयमाचं फळ' म्हणून छापली, पण ते फळ आलं नसतं तरी संयम तेवढाच होता. मला वाटतं आपण या दोघांच्या गोष्टी चुकीच्या टोकाकडून वाचतो. शिवलकरांनी पंचवीसेक वर्षं जी बोलिंग टाकली ती बेदींच्या जागेची वाट बघत टाकली असेल असं मला वाटत नाही. एवढी वर्षं नुसती वाट बघत कुणी धावत येऊन बॉल टाकू शकत नाही. त्यांना ते आवडत असणार.

मी हे बाबांना बोलून दाखवलं. ते "हं" म्हणाले. मग म्हणाले, "तुझं ते गडाचं, आवडतं का तुला?"

मी विचार केला. सुरुवातीला नाही. आता वर पोचल्यावर खडकवासल्याचं पाणी दिसतं तेव्हा, हो. पावसाळ्यात धुक्यात काही दिसत नाही तेव्हा, नाही. उतरताना गुडघे बोलतात तेव्हा तर मुळीच नाही. मीठवाल्या मावशी, हो.

रिपोर्टचं म्हणाल तर जुलैत ५.९ आला होता, मी ऑफिसात पेढे वाटणार होते (मग पेढेच का, असा प्रश्न पडून फुटाणे वाटले). नोव्हेंबरात ६.०. डॉक्टर म्हणाल्या, "एवढा फरक मशीनमध्येही पडतो, चालू ठेवा." हा आकडा म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांचा मूव्हिंग अॅव्हरेज असतो, लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून. एका रविवारच्या गडाला तो दाद देत नाही आणि एका जिलेबीलाही नाही. पुढची टेस्ट मार्चमध्ये.

बाबांनी मात्र गेल्या आठवड्यात एक्सेलचा टेम्प्लेट मागून घेतला. कशासाठी ते सांगितलं नाही. मी पाठवला. काल आईचा फोन आला, "ते संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्याला दोन चकरा मारतात आणि येऊन तुझ्या त्या तक्त्यात काहीतरी लिहीत बसतात. मला दाखवत नाहीत. बुधवारी गेले नव्हते, तर 'कारण' म्हणून काय लिहू, हे मलाच विचारत होते."