पिल्लू

परवा ब्रशच्या टोकावरून कवच उडालं. अर्ध्या मिलिमीटरचं, रव्याच्या कणाएवढं. ट्रेपासून स्लाइडपर्यंत चार बोटांचं अंतर. तीस वर्षं ते मी गप्पा मारत पार केलं. आता उजवा हात थरथरतो. जमिनीवर शोधलं, सापडलं नाही. खुर्ची विद्यार्थिनीला दिली.

जालन्यात बसून समुद्रकाठच्या गाळातले ऑस्ट्राकॉड, म्हणजे दोन झडपांच्या कवचातले इवले जलचर, पाहतो म्हटलं की लोक हसतात. इथून समुद्र म्हणजे रात्रभराची रेल्वे, आणि पायाखाली सगळा काळा कातळ. पण छिंदवाड्याकडच्या झिलमिलीला, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात फोरॅमिनिफेरा हे एकपेशी समुद्री जीव सापडल्याचं केलर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये छापलं. त्याच गाळात निमखाऱ्या पाण्यातला ऑस्ट्राकॉड निओसायप्रिडिस राओई. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी खारं पाणी तिथवर आलं होतं! तेव्हापासून मला त्या मातीचा नाद लागला.

त्या मातीतली तीन कवचं मला राओईपेक्षा वेगळी वाटली. मागचं टोक निमुळतं, पाठ जास्त उतरती. नव्या जातीचं नावही मनात ठरलं होतं: जालनाएन्सिस. माती छिंदवाड्याची आणि नाव माझ्या गावाचं, हा निलाजरेपणा कबूल करतो.

अडचण पहिल्याच दिवशी दिसली होती. हा प्राणी आठ वेळा कात टाकतो आणि प्रत्येक कात गाळात उरू शकते. एकाच जिवाची नऊ मापांची कवचं, आणि लहानपणीचा आकार मोठेपणी टिकेलच असं नाही. वाढ पुरी झाली की नाही हे आतून कळतं: मोठ्यात काठाची आतली पट्टी रुंद, बिजागरी ठसठशीत; पिल्लात दोन्ही अपुरं. माझी तिन्ही कवचं मिटलेली. उघडायला जावं तर फुटतात. मी उघडलीच नाहीत. हाताचं निमित्त सांगितलं, पण भीती वेगळीच होती.

नावांचा घोळ जुनाच. सोवर्बीने १८४० मध्ये माल्कमसनने गोळा केलेल्या दगडांतल्या एका ऑस्ट्राकॉडला सायप्रिस सबग्लोबोसा म्हटलं. पुढे भातखाचरांतल्या जिवंत ऑस्ट्राकॉडलाही तेच नाव चिकटलं. व्हॉटली, बाजपाई आणि व्हिटेकर यांनी जुने नमुने पुन्हा तपासून २००३ मध्ये तो गुंता सोडवला. आता तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं एक देखणं चित्र मिळालं की लोक जात उभी करतात. चित्र छान, आत काय आहे कुणी विचारत नाही. मीही त्याच रांगेत उभा होतो, फक्त जरा मागे.

विद्यार्थिनीने स्लाइडवरच्या प्रत्येक कवचाची लांबी-उंची मोजून आलेखावर टिंबं मांडली. म्हणाली, "सर, ही तीनही पिल्लांच्या घोळक्यात पडतात." मी म्हटलं, घोळका कुठेही पडतो. ती काही बोलली नाही. सुई घेतली, पाण्याचा थेंब सोडला आणि एक कवच उघडलं. फुटलं नाही.

पट्टी अरुंद होती.

लेबल बदललं आहे: निओसायप्रिडिस राओई, पिल्लू. अक्षर तिचं. माझं आता वाचता येत नाही.