५६ एपीओच्या पत्त्यावर

१९७१ च्या डिसेंबरात मी कोल्हापुरात बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि कॉलेजच्या संघात राइट आउट खेळत होतो. फुटबॉल या गावाच्या रक्तात आहे. तो पेठापेठांतल्या तालमींनी वाढवला. पाटाकडील आणि खंडोबा या तालमींचे संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमवर मुंगीला शिरायला जागा उरत नसे. आमचे बहुतेक खेळाडू त्याच पेठांतले. फुलबॅक तेवढा शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा. त्या गावात घरटी कुणी ना कुणी फौजेत. त्याचा थोरला भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत होता.

३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले. दुसऱ्या दिवशी सरावाला निम्मीच पोरं आली. खिडक्यांना काळे कागद लागले, गाड्यांचे दिवे अर्धे काळे झाले, एनसीसीतली मुलं रात्री ब्लॅकआउटच्या गस्तीवर जाऊ लागली. आम्ही सराव पहाटेवर नेला. तेव्हाचा बॉल चामड्याचा, आत ब्लॅडर, तोंड वादीनं आवळलेलं. दवात भिजला की दगडासारखा जड व्हायचा आणि हेड मारला की वादीचा वळ कपाळावर उठायचा.

एका सकाळी मैदानाच्या कडेला एक म्हातारबा थांबले. "तिकडं पोरं मरायला लागल्यात आन् तुम्ही बॉल लाथाडताय व्हय रं?" सगळ्यांच्याच वर्मी लागलं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून नाव काढून घ्यायचं, असं जवळजवळ ठरलं. मला ते पटत नव्हतं. त्याच वर्षी जुलैत बंगालमध्ये कृष्णनगरला बांगलादेशी खेळाडूंचा स्वाधीन बांगला संघ आपला झेंडा लावून मैदानात उतरला होता, आणि तेव्हा भारतानं त्यांच्या देशाला अजून मान्यताही दिली नव्हती. ज्यांचं घरदार युद्धात होतं ती माणसं निधीसाठी गावोगाव फुटबॉल खेळत होती. मी हे बोललो, पण वाद मिटला तो फुलबॅकमुळं. त्यानं खिशातून भावाचं पत्र काढलं. वर नुसतंच '५६ एपीओ', म्हणजे फौजेचं टपाल, ठिकाणाचा पत्ता नाही. खुशाली, आईला जप, आणि शेवटी, "मॅचचं सविस्तर कळव. गोल कुणी केला, तुझ्या हातनं कोण सुटलं का, समदं लिव."

मग आम्ही खेळलो. प्रत्येक सामन्यानंतर होस्टेलच्या खोलीत, कागद गुंडाळलेल्या दिव्याखाली, सगळा संघ पत्राला बसायचा. पहिल्या पत्रात मी गोलची चाल बाण काढून दाखवली होती. आमच्या संघाच्या सरांनी ते पान काढायला लावलं. पत्रं वाटेत उघडून तपासतात, असल्या रेघोट्या दिसल्या तर पत्र अडकून पडेल, म्हणाले. तेव्हा कुणी कुणाला पास दिला, गोलकीपर कुठल्या अंगाला झेपावला, सारं शब्दांत मांडावं लागलं. माझ्या हातून त्यापेक्षा काळजीनं लिहिलेलं काही झालं नसेल.

११ डिसेंबरला पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर पडलं. रेडिओवर नाव ऐकलं, पण तिथं जंगी पलटण आहे हे आम्हाला नंतर कळलं. १० तारखेच्या रात्री वेढा फोडून ढाक्याकडे निसटू पाहणाऱ्या बलुच बटालियनला मराठ्यांनी रस्त्यातच रोखून धरलं होतं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. गल्लीगल्लीत हलग्या वाजल्या, पेढे वाटले. फुलबॅकनं पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. भावाचं पत्र येत नव्हतं. तशा अवस्थेत तो फायनल खेळला. आम्ही एका गोलनं हरलो.

जानेवारीत पत्र आलं. दादा सुखरूप होता. आमची दोन पत्रं त्याला मिळाली होती, ती खंदकात मोठ्यानं वाचली गेली होती, आणि पलटणीतले इतर कोल्हापूरकर विचारत होते, पुढं काय झालं?

फायनलचं कसं लिहायचं म्हणून आम्ही घुटमळलो. कुणीतरी म्हणालं, पावसाचं निमित्त सांगू, सामना झालाच नाही म्हणू. फुलबॅकनं पेन माझ्या हातात दिलं. "खरं तेच लिही. म्हणावं, त्यांचा लेफ्ट आउट माझ्या डाव्या अंगानं सुटला, मी घसरलो, गोल माझ्यामुळं झाला." मी लिहीत गेलो आणि तो शेजारी बसून एकेक वाक्य तपासत राहिला.