चार शून्यें

कुलूप म्हणजे कोणीं तरी कोणावर तरी अविश्वास दाखविल्याची खूण, अशी आमची आजवरची समजूत होती. केळझरच्या आमच्या घरांतील जुन्या टी.व्ही.नें ती गेल्या श्रावणांत पार उलटी करून टाकली.

हा संच वडिलांनीं २००३ सालीं घेतलेला. पोटांत काचेची जड नळी असलेला, आणि हलवावयाचा तर दोन माणसें लागणारा. वडील जाऊन आतां तीन वर्षें झालीं. नवा, सपाट संच आणण्याची गोष्ट मुलांनीं अनेकदां काढली, पण आई दर वेळीं "हा चालतो आहे ना?" एवढेंच म्हणे. या प्रश्नाला उत्तर नसे, कारण तो खरोखरच चालत होता. त्या दिवशीं मात्र तिनें कळ दाबली, आणि पडद्यावर चित्राऐवजीं कुलपाची लहानशी आकृति व चार रिकामे चौकोन दिसूं लागले. संच चार अंकी पिन मागत होता.

आमचें गांव म्हणजे महाभारतांतील एकचक्रानगरी, असें येथील लोक मानतात. भीमानें बकासुराला मारलें तें येथेंच. टी.व्ही. हा घराघरांतून रोज वेळेचा गाडा मागणारा नवा बकासुर आहे, अशी थट्टा आम्हींच कितीदां तरी केली असेल! पण हा बकासुर आपण होऊन उपाशी बसला, तेव्हां त्याची समजूत घालावयास सर्वांच्या आधीं आम्हीच धांवलों.

टेकडीवरच्या सिद्धिविनायकाचें नांव घेऊन प्रथम प्लग काढला आणि अर्धा तास थांबलों. व्यर्थ! असल्या संचांत एक इवलीशी चिप असते. वीज गेली तरी ती लक्षांत ठेवलेलें विसरत नाहीं. मग रिमोटचा संशय आला. त्याच्या टोकाचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीं. पण पुष्कळ मोबाईलांच्या कॅमेऱ्यांतून पाहिलें, तर कळ दाबतांच जांभळट ठिपका लुकलुकतांना दिसतो. तोहि लुकलुकला. म्हणजे सेल ठीक, रिमोट ठीक. राहिली ती पिन.

"आजोबांनींच घातली असेल," आमचा मुलगा म्हणाला. आणि येथें आमचें मन एकाएकीं जड झालें. वडिलांनीं आम्हांला न सांगतां कांहीं बंद करून ठेवावें? त्यांचें जन्मवर्ष दाबून पाहिलें, लग्नाचें वर्ष पाहिलें. त्यांना क्रिकेटचा नाद, म्हणून कपिल देवच्या संघानें विश्वचषक जिंकला तें १९८३ पाहिलें. १९४७ हि पाहिलें. गेलेल्या माणसाच्या मनाचें दार असें एकेक आंकडा घेऊन ठोठावीत बसणें किती चमत्कारिक! प्रत्येक चुकीच्या आंकड्यागणिक आम्हांला वाटे, आपण या माणसाला पुरतें ओळखलेंच नव्हतें. आई मुकाट्यानें पाहात होती. थोड्या वेळानें ती चहा टाकावयास आंत गेली.

शेवटीं वर्ध्याच्या एका जुन्या कारागिराला फोन केला. तो म्हणाला, "अगोदर चार शून्यें दाबून पाहा." दाबलीं; आणि कुलूप गळून पडलें! पुष्कळ जुन्या संचांना कारखान्यांतूनच ही पिन दिलेली असते. मालकानें बदलली नाहीं तर तीच कायम राहते. वडिलांनीं ती कधींच बदलली नव्हती. त्यांना कांहीं लपवावयाचेंच नव्हतें.

"मग कुलूप लावलें कोणीं?" आम्हीं विचारलें.

"या जातीच्या संचाची पुढची एक कळ कांहीं क्षण दाबून धरली, कीं तें लागतें," कारागीर म्हणाला. "कोणी फडक्यानें पुसलें असेल."

आम्हीं स्वयंपाकघराकडे पाहिलें. वडील गेल्यापासून रोज सकाळीं तो संच पुसण्याचा आईचा नेम आहे. आणि पुढच्या कळा तर ती एकेक करून, विशेष जपून पुसते. रिमोट हातीं असूनहि वडील उठून त्या कळाच दाबीत.

तिला आम्हीं कांहींच सांगितलें नाहीं. सांगितलें असतें, तर तिनें पुसणें सोडलें असतें. चार शून्यें मात्र एका कागदावर लिहून संचाच्या पाठीशीं चिकटविलीं आहेत. पुन्हां कुलूप लागेल तेव्हां लागो.