मंजुळा

आमच्या घरावर वर्षानुवर्षे निर्वेध अंमल गाजवून गेलेल्या मंजुळेचे नाव ज्याने ठेवले त्याने तिचे भुंकणे ऐकलेले नसावे. तो कर्कश स्वर कानी पडताच पोस्टमन टपाल फाटकावरूनच आत भिरकावून पसार होई. वडील महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. दुपारी ते लिहावयास बसले म्हणजे त्यांच्या वहाणांवर हनुवटी टेकून निजावे, हा तिचा शिरस्ता.

ऐन तारुण्यात या शिरस्त्यात खंड पडू लागला. अन्नावरची वासना उडावी, उलट्या व्हाव्यात, मागचे पाय लटपटावेत, आणि शिरेतून सलाईन जाताच बाईसाहेबांनी शेपूट हलवीत पुन्हा फाटकाशी रुजू व्हावे, असे वारंवार घडे. युरिया व क्रिएटिनिन वाढलेले पाहून एका दवाखान्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याचा निकाल दिला. तो फिरविला एका तरुण पशुवैद्याने. इतक्या गळाठलेल्या जनावराची नाडी जलद असावयाची, ती मंद का, एवढ्या एकाच विसंगतीवरून त्याने रक्तातले क्षार मोजविले. निरोगी कुत्र्यात जे सोडियम पोटॅशियमच्या २७ पटींहून सहसा कमी नसते, ते हिच्यात पुष्कळच खाली गेले होते. मग एसीटीएचचे इंजेक्शन देऊन तासाभराने पाहिले, तरी कॉर्टिसॉल जागचे हलले नाही.

"मूत्रपिंडं शाबूत आहेत, काका," तो वडिलांना म्हणाला, "त्यांच्या डोक्यावरच्या ग्रंथींनी काम सोडलंय."

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातील थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली मनुष्यांत वर्णिलेला हा विकार कुत्र्यांत, विशेषतः तरुण व मध्यमवयीन माद्यांत, आढळतो. बहुधा शरीराची संरक्षक यंत्रणाच अधिवृक्क ग्रंथींचा बाह्य थर नष्ट करते, आणि मीठ राखणारे अल्डोस्टेरॉन व संकट सोसण्याचे बळ देणारे कॉर्टिसॉल ही दोन्ही संप्रेरके आटतात. ग्रंथी पुन्हा कामावर येत नाहीत. तूट मात्र जन्मभर बाहेरून भरून काढता येते.

फ्लुड्रोकॉर्टिझोनची गोळी, जोडीस प्रेडनिसोलोनची अल्प मात्रा आणि ठराविक मुदतीने क्षारांची तपासणी, या सर्वांचा बंदोबस्त वडिलांनी सरकारी काटेकोरपणाने केला. त्यासाठी स्वतंत्र रोजकीर्द घातली. तीत मात्रा, वजन व शेरा असे रकाने, आणि शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक दिवशी एकच नोंद: 'प्रकृती ठीक. पोस्टमनवर भुंकली.' दिवाळीत फटाक्यांच्या भयाने निरोगी शरीर जे जादा कॉर्टिसॉल सोडते ते हिच्यापाशी नसल्यामुळे, त्या दिवसांपुरते प्रेडनिसोलोन डॉक्टरांच्या हुकमाने दुप्पट होई. कुत्र्यापायी एवढा खर्च कशाला, असे विचारणारे शेजारी होतेच. स्वतःच्या विड्यांचा जमाखर्च त्यांनी कधी मांडल्याचे मला स्मरत नाही.

मंजुळा पुढे म्हातारी होऊन वार्धक्यानेच गेली. ज्यांचे जनावर असेच सलाईनने उठते आणि पुन्हा पडते, त्यांनी मूत्रपिंडांचा निकाल मान्य करण्यापूर्वी सोडियम, पोटॅशियम व कॉर्टिसॉल यांची तपासणी आग्रहाने मागून घ्यावी.